फ्रॉकचा किस्सा सांगणार नाही

"येताना तुमचे ते कामाचे कपडे घालून या हं, ताई. आणि थोड्या चिंध्या पण आणा. मुलांना जरा फील येतो."

कॉलेजचे समन्वयक सर हे हसत म्हणाले. वाईट हसत नव्हते. तेच तर वाईट होतं. माणूस शिवी देतो तेव्हा निदान त्याला ठाऊक असतं की आपण शिवी दिली. या सरांना वाटत होतं, आपण हिचा मान करतोय.

मी त्या दिवशी इस्त्रीची सुती साडी नेसून गेले होते. मांडीवर दोनशे पानी वही होती. तिच्यात पंधरा तासांची तयारी होती. कुठल्या तासाला काय शिकवायचं, मुलांना कुठला प्रश्न घालायचा, त्यांच्या हातून काय करून घ्यायचं. सगळा पावसाळा, शेडमधलं काम आटोपलं की मी ती लिहीत बसायचे. सरांनी वही बघितली नाही. कसली वही, म्हणून विचारलंही नाही.

कॉलेजचं नाव लिहीत नाही. आमच्याच भागातलं आहे, एवढं पुरे. नाव लिहिलं की लोक म्हणतात, ते कॉलेजच तसलं. आणि स्वतःच्या कॉलेजचं दार लावून मोकळे होतात.

झालं होतं असं. कॉलेजने ठरवलं की बी.कॉम.च्या मुलांना धंद्याचा विषय नुसत्या पुस्तकातून शिकवायचा नाही. जे लोक खरोखर धंदा करतात त्यांना शिक्षक म्हणून वर्गावर घ्यायचं. पदवीची अट नाही. अनुभव हीच पात्रता. तशी नोटीस निघाली, प्रत्येकाला पंधरा तास. मी अर्ज केला. अर्जात 'अनुभव' असा रकाना होता. त्यात लिहिलं, सव्वीस वर्षे. महिन्याभराने पत्र आलं, 'आपली निवड झाली आहे.' ते पत्र मी शेडमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. बायांनी कात्र्या खाली ठेवल्या. आमच्यातली सगळ्यात जुनी पारूबाय म्हणाली, "म्हंजे आता तू मास्तरीण गो?"

मी म्हटलं, "हाय तर."

मास्तरीण. मला हेच व्हायचं होतं. उगाच आडपडदा कशाला ठेवू. धंदा आहे, शेड आहे, चार लोक ओळखतात. पण फळ्यासमोर उभं राहून आपल्याला जे येतं ते दुसऱ्याला शिकवायचं, आणि त्याने ते वहीत उतरवून घ्यायचं, ही हौस मला फार वर्षांची होती. त्याच कॉलेजात मी बारावी केली. पुढे एफवायला नाव घातलं. चार महिने गेले आणि आयच्या डोळ्यांनी दगा दिला. तिची कात्री माझ्या हातात आली. पदवी राहिली ती राहिलीच. त्या चार महिन्यांत मी वर्गात एकदाही हात वर केला नव्हता.

माझा धंदा चिंध्यांचा. त्यात लाजायचं काय. महाडच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांना यंत्रं पुसायला, तेल टिपायला कापड लागतं, रोज लागतं. नवं कापड त्यासाठी कुणी घेत नाही. जुने शर्ट, बनियन, चादरी, परकर यांचे गठ्ठे मुंबईहून येतात. ते आम्ही निवडतो, धुतो, वाळवतो. बटणं, हूक, चेन काढतो. शिवणी उसवतो, हातभर तुकडे कापतो आणि पोती भरून पाठवतो. पोलादपूरच्या अलीकडे, हायवेपासून जरा आत माझी शेड आहे. अकरा बाया कामाला आहेत. माझी आय हेच काम दुसऱ्याच्या गोदामात करायची. मी सात वर्षांची होते तेव्हापासून तिच्या शेजारी बसून बटणं कापायचे. आम्ही बौद्ध. आमची वाडी गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकडे.

आता त्या फ्रॉकविषयी.

काही वर्षांपूर्वी महाडला बचत गटांचा मेळावा होता. मला बोलायला उभं केलं. मी कच्ची होते. हातात माईक आला आणि मी लहानपणचा एक किस्सा सांगून टाकला. गठ्ठ्यातल्या एका फ्रॉकचा. तो मी शाळेत घालून गेले, आणि मग वर्गात जे झालं त्याचा. सगळा हॉल रडला. टाळ्या झाल्या. स्टेजवर दोन कारखान्यांचे मॅनेजर बसले होते, दोघांनीही रुमाल काढले. दुसऱ्या आठवड्यात मी दोघांकडे कापडाचे नमुने घेऊन गेले. एकाने भेट दिली नाही. दुसरा म्हणाला, "अरे, तुम्ही त्या फ्रॉकवाल्या ना?" आणि चहा मागवला. कापड मात्र हातात घेतलं नाही. रडले सगळे, ऑर्डर कुणी दिली नाही.

त्यानंतर पाच-सहा ठिकाणांहून बोलावणं आलं. सगळीकडे तोच किस्सा हवा. मीही सांगत गेले. दर खेपेला तो जरा जास्त सुबक व्हायला लागला. कुठल्या शब्दावर थांबलं की बाया पदर डोळ्याला लावतात, ते मला कळायला लागलं. एकदा अशीच सत्काराची फुलं घेऊन घरी आले आणि मला माझी किळस आली. त्या किस्स्यात माझी आय आहे. तिचा उतरलेला चेहरा आहे. तो मी गावोगाव दाखवत फिरत होते. त्या दिवसापासून बंद. इथेही सांगणार नाही. वाचणाऱ्याला वाटेल, एवढं लिहिलंस तर तेवढंही लिही की. नाही लिहिणार.

समन्वयक सर त्या मेळाव्यात होते. त्यांनी मला तिथूनच लक्षात ठेवलं होतं.

तर त्यांच्या खोलीत. सरांनी वेळापत्रकाचा कागद माझ्याकडे फिरवला. निवड दोघांची झाली होती. एक मी आणि एक बाजारपेठेतले हार्डवेअरचे शेठ. शेठ माणूस म्हणून चांगले. दुकान आजोबांपासूनचं. एसवायला दोनदा नापास झाले आणि कॉलेज सोडलं, हे ते स्वतःच हसत सांगतात. त्यांच्या नावापुढे लिहिलं होतं: खरेदी, किंमत ठरवणे, गिऱ्हाईक सांभाळणे. पंधरा तास. सोमवार आणि गुरुवार. माझ्या नावापुढे लिहिलं होतं: प्रेरणा सत्र. एक तास. 'चिंधीतून शिखराकडे'.

"सर, माझी निवड शिकवायला झालीय ना?"

"हो, मग हे शिकवणंच आहे, ताई. तुमचं आयुष्य हाच मुलांसाठी धडा आहे."

"आणि ते, किंमत कशी ठरवायची वगैरे?"

"ते टेक्निकल असतं. ते शेठ बघतील. तुम्ही संघर्ष सांगा. तो फ्रॉकचा किस्सा तर सांगाच. मी त्या दिवशी रडलो होतो, खरं सांगतो."

आणि मग ते कामाच्या कपड्यांचं बोलले. शेठना कुणी सिमेंटची गोणी खांद्यावर घेऊन या म्हणालं नव्हतं.

मी काय केलं? मी 'बरं' म्हणाले. हे लिहिताना आजही कान तापतात. सव्वीस वर्षं कारखान्यांच्या पर्चेस मॅनेजरांशी घासाघीस केलेली बाई मी, आणि कॉलेजच्या खुर्चीत बसल्यावर तोंडातून 'बरं' निघालं. वही पिशवीत घातली आणि एसटीत बसले. पोलादपूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते, पण काय बघितलं ते सांगता येणार नाही.

शेडमध्ये पारूबाय चादरीच्या शिवणी उसवत होती. मी सगळं सांगितलं. तिने मान वर केली नाही.

"बरं म्हनलंस तू?"

"म्हटलं."

"त्यांना रडनारी हवी हाय, गो. मास्तर त्यांनी शेठला केलान."

"मग नको जाऊ?"

"जा की. कशाला नाय जायाचं? वाघ खातोय काय? पन रडू नको. आपलं काम दाव." मग तिने आपली कात्री माझ्याकडे सरकवली. "ही ने. तुझी बोथट हाय."

ती कात्री, बनियनचे चार तुकडे आणि वही, एवढं घेऊन मी ठरल्या दिवशी गेले. साडी तीच, इस्त्रीची.

गेटवर दोन पोस्टर होती. एकावर शेठ, कोट घालून. खाली 'उद्योजक व अतिथी प्राध्यापक'. दुसऱ्यावर मी. उन्हाळ्यात कॉलेजचा एक माणूस 'रिपोर्टसाठी' म्हणून शेडमध्ये फोटो काढून गेला होता. तो फोटो. ढिगात उकिडवी बसलेली, केस विस्कटलेले, पदर खोचलेला, तोंडावर कापडाची धूळ. खाली मोठ्या अक्षरांत 'संघर्षकन्या'. नाव शोधलं तर अगदी तळाशी होतं आणि आडनाव चुकलं होतं. मी तिथे बरीच उभी राहिले. मुलं माझ्या बाजूने आत जात होती. त्या फोटोतली बाई ती हीच, हे एकाच्याही लक्षात आलं नाही.

सर दारातच भेटले. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून त्यांचा चेहरा पडला.

"अरे. साडी?"

"हो, साडी."

"असू दे, असू दे. मी थोडी व्यवस्था केलीय."

व्यवस्था म्हणजे स्टेजवरच्या टेबलावर चिंध्यांचा ढीग. शिंप्याकडचं कात्रण, घरचे जुने पडदे, कुणाचा तरी चकाकता ड्रेस. सुबक रचलेला. बाजूला माझ्यासाठी पाण्याचा तांब्या आणि पेला. समोर सव्वाशे तरी मुलं होती. पुढच्या रांगेत प्राचार्य आणि त्यांच्या शेजारी शेठ.

सरांनी ओळख करून दिली. माझा धंदा किती मोठा, किती कारखान्यांना माल जातो, यातलं काही नाही. ते म्हणाले, "ज्या चिंध्या आपण फेकतो, त्या चिंध्यांत वाढलेली ही लेक. आज ताई आपल्याला एका फ्रॉकची गोष्ट सांगणार आहेत. रुमाल काढून ठेवा." मुलं हसली. मागे कुणीतरी खरंच रुमाल काढून हलवला.

मी माईक घेतला.

"मी फ्रॉकचा किस्सा सांगणार नाही," मी म्हटलं. "तो माझ्या आयचा आहे. मी आज घट शिकवणार आहे. वह्या काढा."

कुणीच वह्या काढल्या नाहीत. सरांना वाटलं मी गंमत करतेय, ते हसत मान डोलवत राहिले. मी पेला उचलला आणि पाणी टेबलावर ओतलं. सगळं. पुढच्या रांगेत प्राचार्यांनी फाईल मांडीवर घेतली. सरांच्या ढिगातला पडद्याचा तुकडा घेऊन मी ते पाणी पुसायला लागले. पाणी नुसतं इकडून तिकडे पसरलं. मग पिशवीतून बनियनचा तुकडा काढला आणि एक हात फिरवला. टेबल कोरडं.

"पहिलं कापड पाणी पीत नाही. आमच्या धंद्यात असंच म्हणतात. दुसरं पितं. पितं त्याला गिऱ्हाईक आहे. सरांनी एवढ्या कष्टाने हा ढीग रचलाय, पण यातलं निम्मं पीत नाही. हे मी फुकटसुद्धा घेणार नाही."

आता मुलं हसली ती वेगळी. सरही हसले, जरा उशिराने.

मग मी सहा जणांना वर बोलावलं. तीन मुलं, तीन मुली. ढीग वाटून दिला आणि म्हटलं, यातलं विकण्यासारखं काढा. कात्री दिली. एकाने बटणासकट तुकडा ठेवला. मी त्याला बटणावरून बोट फिरवायला लावलं. "हे चकचकीत रोलरवर फिरलं तर काय होईल?" "ओरखडा पडेल." "मग माल कुणाचा परत येईल?" तो बटण कापायला लागला. कात्री त्याला धरता येत नव्हती, पण धरली त्याने.

"आता सांगा. जुन्या शर्टांचा दहा किलोचा गठ्ठा घेतला. विकायला किती किलो निघेल?"

पुढच्या बाकावरचा एक चुणचुणीत मुलगा म्हणाला, "दहा, ताई."

"कसं काय?"

"जेवढं घेतलं तेवढंच ना."

मी स्टेजमागच्या फळ्याकडे वळून खडू घेतला. त्या फळ्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा खडू टेकवला. एकाखाली एक लिहीत गेले. बटणं गेली, चेन गेल्या. कॉलरी जाड, त्या गेल्या. शिवणी गेल्या. पाणी न पिणारे शर्ट गेले. धुतल्यावर मळ गेला. आणि देणाऱ्याने पावसात गठ्ठा मुद्दाम दमट ठेवला असेल तर वाळवल्यावर पाणी गेलं, म्हणजे तुम्ही कापडाच्या भावाने पाणी विकत घेतलंत. सहा-साडेसहा उरले तर नशीब समजा.

"हे जे गेलं त्याला घट म्हणतात. भाव ठरवायचा तो उरलेल्यावर. ज्याने दहावर ठरवला तो सहा महिन्यांत शटर ओढणार."

"पण पुस्तकात असं नाहीये," तो मुलगा म्हणाला.

"असेल. दुसऱ्या नावाने असेल. शोधून काढ आणि मला येऊन दाखव, मला पण वाचायचंय."

एव्हाना निम्म्या हॉलच्या वह्या निघाल्या होत्या. पेनांचा आवाज येत होता. हा आवाज मी सव्वीस वर्षं मनात ऐकत होते. रुमालवाल्यांना माझं रडणं द्यायचं नव्हतं. मी पाठ फिरवून फळा पुसला.

"अजून कशात घट असते? तुमच्या घरात बघा. कापड सोडून सांगा."

मग मागच्या बाकावरून एक हात अर्धा वर आला आणि खाली गेला. मी तो हात ओळखला.

"तू. हो, तूच. उभी राहा. नाव काय?"

"शबाना." दासगावची मुलगी. बाप आखातात ड्रायव्हर, हे मला मागाहून कळलं. "जवळ्याला असतं तसं, मॅडम. आमची अम्मी ओला जवळा घेते नि सुकवून विकते. चार पाट्या ओला घेतला की सुका एक पाटी होतो. आनि ऊन नाय पडला तर तो पन जातो."

"मग तुझी अम्मी भाव कशावर ठरवते?"

"एका पाटीवर. चारवर ठरवला तर आमी काय खानार?"

हॉलमध्ये कुणीतरी "वा" म्हणालं. मी तिला पुढे बोलावलं, खडू दिला आणि म्हटलं, मांड. तिने मांडलं. बरोबर मांडलं. ती खाली जाताना मी विचारलं, "हे वर्गात कधी सांगितलं नाहीस?"

"वर्गात असं विचारत नाय कोन."

मग बांध फुटला. पाचाडच्या एका मुलाच्या घरची खानावळ होती, तो म्हणाला भाजीच्या साली आणि उरलेला भात ही घटच. एक म्हणाला काजू. एकाच्या मामाचा बकऱ्यांचा धंदा, तो म्हणाला जिवंत बकऱ्याचं वजन आणि मटणाचं वजन. मी सगळं फळ्यावर घेत गेले. फळा भरला.

तेवढ्यात सरांनी चिठ्ठी पुढे केली. मी ती वाचली आणि मग माईकवर वाचली.

"सरांनी लिहिलंय, 'थोडा संघर्ष घ्या, प्राचार्य थांबले आहेत.' घेऊ या. एकदा ब्लाऊजचा एक हूक आमच्या हातून राहिला. नखाएवढा. कारखान्याने सगळा माल परत पाठवला. आम्ही बारा जणींनी चार दिवस बसून प्रत्येक तुकडा तळहाताने पुन्हा तपासला. हूक सापडला नाही, तो त्यांच्या यंत्रातच गेला होता. पण त्या दिवसापासून आमच्या शेडमधून तळहात फिरवल्याशिवाय एक तुकडा बाहेर जात नाही. हा संघर्ष. लिहून घ्या, परीक्षेला येईल."

घंटा झाली. मुलं लगेच उठली नाहीत.

नंतर प्राचार्यांच्या खोलीत सत्कार. शाल आणि नारळ. प्राचार्य मनापासून म्हणाले, "फार वेगळं झालं. मुलांना आवडलं. पुढच्या वर्षीही प्रेरणा सत्राला तुम्हीच या."

"मला तास द्या," मी म्हटलं. "पंधरा. निवडपत्रात शिक्षक म्हणून निवड आहे. वेळापत्रकात नाव घाला."

"पदवीचा प्रश्न येतो हो, ताई. वर उत्तर द्यावं लागतं."

"शेठना पदवी आहे?"

शेठ कपाकडे बघत होते. मग तेच म्हणाले, "नाही मला."

"त्यांची गोष्ट वेगळी आहे," प्राचार्य म्हणाले.

"काय वेगळी?"

याचं उत्तर मला ठाऊक होतं, त्यांना ठाऊक होतं, शेठनाही ठाऊक होतं. एकानेही ते तोंडाने म्हटलं नाही. सरांनी घाईघाईने शाल माझ्या खांद्यावर घातली. सवयीने माझी बोटं तिच्या काठावर गेली. दोन बोटांत कापड चुरून बघितलं.

"सर, ही पाणी पीत नाही," मी म्हटलं, घडी घातली आणि टेबलावर ठेवली. नारळ घेतला. नारळ चांगला होता. शेडमध्ये बायांनी फोडून खाल्ला.

पुढच्या रविवारी शबाना आली. बरोबर चार मुलं. त्यातला एक तो 'दहा किलो'वाला, पुस्तकातलं ते पान शोधून घेऊन आला होता. आता दर रविवारी येतात. पोत्यांवर बसतात, मी शिकवते, पारूबाय मधेच त्यांच्या चुका काढते. लोक म्हणतात, बघ, झाली की तुझी शाळा. कॉलेज गेलं उडत.

नाही. हे मला पटत नाही. शेडमध्ये मी मालकीण आहेच, तिथे शिकवायला मला कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही. पण ते कॉलेज माझंही आहे. तो फळा माझाही आहे. माझा पणजा चवदार तळ्यावर गेला होता, असं आय सांगायची. आमच्या ओढ्याला तेव्हाही पाणी होतं. तहान भागवायला तो एवढ्या लांब चालत गेला नव्हता.

गेल्या आठवड्यात समन्वयक सरांचा फोन आला. "ताई, मार्चमध्ये मोठा कार्यक्रम करतोय. बाहेरचे पाहुणे येणार आहेत. तुमचा प्रवास सांगायला या."

"पोलादपूर ते महाड," मी म्हटलं. "एसटीने अर्धा तास. झाला सांगून."

ते हसले. "तुम्ही पण ना, ताई."

"सर, हसू नका. मी पुन्हा अर्ज केलाय. तोच अर्ज, तोच रकाना. मागे सव्वीस लिहिले होते, यंदा सत्तावीस लिहिलेत. नाही घेतलंत तर पुढल्या वर्षी अठ्ठावीस लिहीन. माझं रडणं कुठल्याही स्टेजवर मिळणार नाही, ते मागू नका. घट येते मला, ती शिकवीन. तासाला बोलवाल त्या दिवशी येईन."

"बघू, ताई," ते म्हणाले.

"आणि फळा पुसायचं कापड माझं मी आणीन," एवढं बोलून मी फोन ठेवला.